विंचवाचं बिऱ्हाड

मोटरसायकलवरून वाळवंटात जायचं ठरलं की पहिली झुंज वाळूशी होत नाही, ती 'असू दे'शी होते. पाना असू दे. तो हरवला तर दुसरा असू दे. रात्री गारठतं म्हणून जाड जाकीट असू दे, दिवसा भाजतं म्हणून टोपी असू दे. "हेल्मेटवर टोपी कशी घालणार?" असं बायकोने विचारलं, पण तोवर टोपी बॅगेच्या तळाशी गेली होती. आणि तळाशी गेलेली वस्तू प्रवास संपेपर्यंत आपली राहत नाही.

पेट्रोलचा हिशोब मात्र मी कागद-पेन्सिल घेऊन केला. टाकी १३ लिटरची. डांबरी रस्त्यावर गाडी लिटरला ३० किलोमीटर देते, वाळूत तीच २० वर येते. मधल्या ४०० किलोमीटरमध्ये पंप नाही. म्हणजे जादा हवं ७ लिटर. चुकामूक, वळसे धरून १०. मी २० लिटरचा लोखंडी कॅन घेतला. असू दे!

पाणी लिटरला किलोभर भरतं, पेट्रोल पाऊण किलोच्या आसपास. भौतिकशास्त्राने आमच्यावर केलेली ही एकमेव मेहरबानी. तरी पेट्रोलचे १५ किलो, कॅनचे स्वतःचे साडेचार, आणि तीन दिवसांचं पाणी १५ लिटर. हे सगळं ओढायला इंजिन जास्त पेट्रोल पिणार. म्हणजे पेट्रोल वाहून न्यायला पेट्रोल, आणि ते पेट्रोल वाहायला आणखी थोडं. या वाटेने विचार करत गेलो असतो तर टँकरच चालवत न्यावा लागला असता.

कॅनबद्दल माझ्या मनात आदर होता, कारण मी त्याचा इतिहास वाचला होता. हा कॅन मुळात जर्मन सैन्याचा, १९३०च्या दशकातला. दुसऱ्या महायुद्धात उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात ब्रिटिशांकडे पातळ पत्र्याचे चार गॅलनचे डबे होते आणि त्यातलं कितीतरी पेट्रोल रणगाड्यांऐवजी वाळूच पीत असे. हाती लागलेले जर्मन कॅन त्यांनी आनंदाने वापरले आणि पुढे सरळ नक्कल केली. जर्मनांना ते 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन. त्याला तीन मुठी असतात, म्हणजे भरलेला कॅन दोघांना मिळून उचलता येतो. आतलं पेट्रोल फुगलं तर पत्र्याला ताण सोसावा म्हणून दोन्ही कुशींवर फुलीसारखे खोलगट ठसे असतात. वर हवेला थोडी जागाही मुद्दाम ठेवलेली असते.

ही हवेची जागा मला उधळपट्टी वाटली. मी कॅन तिरका करून, हलवून, थोपटून गळ्यापर्यंत भरला. पेट्रोल दर दहा अंशांना साधारण एक टक्का फुगतं. पहाटेच्या गारव्यात भरलेल्या २० लिटरचं दुपारच्या उन्हात अर्ध्या लिटरहून जास्त पेट्रोल वाढलं, तेही फुकट! झाकण उघडताच ते सगळं माझ्या पँटवर आलं. त्या दिवशी मित्राने चहा माझ्यापासून वीस पावलं लांब केला आणि कप वाळूवर ठेवून मागे सरकला.

हा मित्र वाळवंटात मुरलेला. त्याच्या गाडीवर दोन मऊ पिशव्या, टाकीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच लिटरचे छोटे कॅन, बस्स. माझा कॅन मागच्या कॅरिअरवर, त्यावर तंबू, त्यावर जाकीट. "अरे, वजन खाली आणि पुढे ठेवायचं असतं," तो म्हणाला. "हा तू जिना बांधलायस."

जिन्याचा अर्थ वाळूत कळला. मागे भार पडला की पुढचं चाक हलकं होतं आणि हॅण्डल नंदीबैलासारखी मान डोलावतं. अशा वेळी फूटरेस्टवर उभं राहायचं, नजर लांब ठेवायची आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडायचा नाही. मी बसलो, चाकाकडे बघितलं आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडला.

वाळूत पडायला काही लागत नाही, तो मऊ प्रकार आहे. लागतं ते उठताना. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकायला लागलं, म्हणून आधी टाकीचा कॉक बंद केला. मग दोघांनी गाडी उचलून पाहिली, ती हलेना. सहा पट्टे, चार दोऱ्या आणि घाईत मारलेल्या असंख्य गाठी सोडवून सगळं सामान खाली मांडलं. लग्नाहून परतताना बस चुकलेलं वऱ्हाड वाटत होतं. टायरमधली हवा १५ पाउंडांपर्यंत उतरवल्यावर वाळूवर पकड बरी आली, पण पुढे कडक रस्त्यावर ती परत भरायची, आणि पंप कुठे? टोपीच्या खाली.

"आधी कॅनमधलं जाळ," मित्र म्हणाला. "टाकीत जागा झाली की ओत." कॅन उचलून मी जागेपुरतं टाकीत ओतलं आणि उरलेलं तिथेच त्याच्या टाकीत. मग सगळं परत बांधलं. पाऊण तास गेला. या वेळी कॅन रिकामा होता, तंबू खाली आला होता आणि जाकीट मी घामाघूम अंगावरच चढवलं होतं. एकूण मांडणी इतकी देखणी जमली की साइड स्टँड लावून मी चार पावलं मागे गेलो आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिलो.

स्टँड हळूहळू वाळूत जात होता. गाडी अगदी सावकाश, कुणाची झोपमोड होऊ नये अशा बेताने, डाव्या कुशीवर झाली.

मित्राने आपल्या खिशातून चपटं केलेलं डब्याचं झाकण काढलं, आपल्या स्टँडखाली सरकवलं आणि विचारलं, "तू नाही आणलंस?"