रीझनर मंदावला की रॅम वाढवायची?

पुण्यात हिंजवडी-बाणेरकडे सिमँटिक वेबवर (यंत्रांना अर्थ कळेल अशी माहिती मांडण्याच्या तंत्रावर) काम करणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे: ऑन्टॉलॉजी (संकल्पना, त्यांच्या व्याख्या आणि संबंध यांचा संग्रह) मोठी झाली की रीझनिंग (तिच्यातून न लिहिलेले निष्कर्ष काढण्याचे रीझनर या प्रोग्रॅमचे काम) रखडणारच, तेव्हा रॅम दुप्पट करा, आणि तरीही भागले नाही तर रीझनिंग बंद करून सारे स्पार्कल या शोध-भाषेवर सोपवा. यातील एकही विधान मला मान्य नाही.

आधी आकाराचे पाहू. स्नोमेड सीटी या वैद्यकीय परिभाषेत 3 लाखांहून अधिक संकल्पना आहेत, तरी ईएलके हा रीझनर साध्या लॅपटॉपवर तिचे वर्गीकरण (कोणता वर्ग कोणाचा उपवर्ग हे ठरवणे) काही सेकंदांत करतो. कारण ती ओडब्ल्यूएल 2 या ऑन्टॉलॉजी-भाषेच्या ईएल या मर्यादित रूपात लिहिलेली आहे, जिथे वर्गीकरणाचा वेळ बहुपदी प्रमाणातच, म्हणजे आटोक्यात, वाढतो. पूर्ण ओडब्ल्यूएल 2 डीएलमध्ये मात्र तो सर्वांत वाईट प्रसंगी दुहेरी घातांकी, म्हणजे प्रचंड वेगाने फुगणारा, होऊ शकतो. अशा भाषेसाठी वापरल्या जाणाऱ्या टॅब्लो पद्धतीच्या रीझनरला प्रत्येक ‘अथवा’पाशी एक पर्याय धरून पुढे जावे लागते आणि विसंगती आढळली की मागे फिरावे लागते. आमच्या बाणेरच्या कार्यालयातील ऑन्टॉलॉजी तुलनेने लहानच होती. केवळ सवयीने जोडलेल्या इन्व्हर्स प्रॉपर्टींनी (उलट दिशेच्या संबंधांनी) ती अडवली होती. विधाने निम्मी-निम्मी वगळून दर वेळी वेळ मोजत गेलो, तेव्हा दोषी विधाने सापडली.

रॅमने फायदा होतो, पण जेव्हीएम (जावा प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) मेमरीतला कचरा, म्हणजे वापरून झालेला डेटा, गोळा करण्यातच गुंतलेले असेल तेव्हाच. पर्यायांचा शोधच फुगत असेल, तर जास्त मेमरी तो शोध आटोक्यात आणत नाही.

रीझनिंग बंद करण्याचा तिसरा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. ‘जिवाणूजन्य न्यूमोनिया’ची व्याख्या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया, आणि ‘न्यूमोकॉकल न्यूमोनिया’ची न्यूमोकॉकसमुळे होणारा न्यूमोनिया, अशी दिलेली असते, न्यूमोकॉकस हा जिवाणू आहे हे वेगळे नोंदलेले असते. दुसरा वर्ग पहिल्याचा उपवर्ग आहे, हे मात्र कुठेही लिहिलेले नसते. स्पार्कलमध्ये उपवर्गांची साखळी कितीही लांब शोधली, तरी न लिहिलेला दुवा तिला सापडणार नाही, आणि रुग्णांच्या यादीतून माणसे निसटतील. त्यापेक्षा व्याख्या बदलतील तेव्हाच वर्गीकरण चालवावे, निष्कर्ष साठवून ठेवावेत आणि स्पार्कल त्यांवर चालवावे. मात्र ईएलके निवडताना त्याच्या लॉगमधील इशारे जरूर वाचावेत. न पेलणारी विधाने तो बाजूला ठेवतो, आणि मग वेगाने आलेले उत्तर अपुरे असू शकते.