सिकलसेलचा ‘वाहक’ म्हणजे अर्धा पेशंट नाही

आमच्या नागपूरच्या फॅमिली ग्रुपवर आठवडाभरापासून सिकलसेल या रक्ताच्या आजाराबद्दल एक मेसेज फिरून राहिला आहे: “सिकलसेल वाहक म्हणजे अर्धा रोगी. आज ना उद्या त्याला रोग होतोच. त्याच्यापासून घरात पसरतो. अशा घरात सोयरीक करू नका. हा ठराविक समाजाचाच आजार आहे.” मागच्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न याच शब्दापायी मोडलं, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

“पसरतो” पासून सुरू करू, कारण सगळा घोळ ‘वाहक’ शब्दातच आहे. डासालाही आपण मलेरियाचा वाहक म्हणतो, तो एकाचे जंतू दुसऱ्याला नेऊन देतो. टायफॉइडचाही वाहक असतो, माणूस ठणठणीत पण पोटात जंतू, न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन नावाच्या स्वयंपाकिणीला 1907 मध्ये याच कारणानं बेटावर नेऊन ठेवलं होतं. सिकलसेलमध्ये मात्र जंतूच नाही बाप्पा, मग पसरणार काय? इथं वाहून नेतात तो जीन, तो फक्त आईबापाकडून लेकरात जातो, एका ताटात जेवल्यानं नाही, रक्ताला हात लागल्यानं नाही.

“अर्धा रोगी”, “आज ना उद्या होतोच”. नाही होत. हिमोग्लोबिनच्या त्या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. एकच बदललेली असली तर एएस, म्हणजे वाहक, दोन्ही बदललेल्या असल्या तर एसएस, म्हणजे रोग. जन्माला येताना जी जोडी मिळाली तीच मरेपर्यंत, एएसचा एसएस होत नाही. बहिणीच्या रिपोर्टमध्ये एचबी ए, म्हणजे नेहमीचं हिमोग्लोबिन, 58 टक्के आणि एचबी एस, म्हणजे बदललेलं, 36 टक्के होतं, म्हणजे चांगलं हिमोग्लोबिन जास्तच, आणि बहुतेक वाहकांमध्ये असंच असतं, म्हणून त्यांना रोजच्या जगण्यात काही त्रास नसतो. क्वचित कोणाला लघवीतून रक्त जातं, शरीरातलं पाणी खूप कमी झालं असताना जबर मेहनत केली तर धोका असतो, तेवढी काळजी घ्यायचीच.

रोग कसा असतो ते मी शेजारच्या घरी पाहिलं आहे. मे महिना, कूलर चालू, आणि बारा वर्षांचा पोरगा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेला, हातपाय दुखतात म्हणून कोणाला चादरही लावू देत नव्हता, आई चमच्यानं पाणी पाजत होती. तो एसएस. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात, नेहमीची पेशी 120 दिवस टिकते तर त्याची 10 ते 20 दिवसच. त्याचे आईबाप दोघंही एएस आणि दोघंही धडधाकट. यांना आणि त्या लेकराला एकाच ‘रोगी’ शब्दात टाकणं मला पटत नाही.

अजून एक, कॅम्पमध्ये जी सॉल्युबिलिटी टेस्ट करतात ती फक्त एस आहे की नाही तेवढंच सांगते, एक प्रत की दोन ते नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी, म्हणजे हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी, करावी लागते. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ ऐकून घरात रडारड सुरू करू नका.

“ठराविक समाजाचाच”. विदर्भात काही समाजांमध्ये प्रमाण जास्त आहे हे खरं, पण नागपुरात शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 मध्ये यावर पेपर लिहिला आणि तोवर आफ्रिकेत हा जीन केव्हाचाच माहीत होता, ग्रीसमध्येही आहे, अरबस्तानातही आहे. जिथं मलेरिया जुना तिथं हा टिकला, कारण एएस असलेल्या लेकराला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. याचा जातीच्या चांगल्यावाईटपणाशी काय संबंध?

आता सोयरीक. एएस आणि एए (ज्याच्या दोन्ही प्रती न बदललेल्या) यांचं लग्न झालं तर प्रत्येक बाळ एएस असण्याची शक्यता 50 टक्के, एसएस होतच नाही. दोघंही एएस असले तर प्रत्येक खेपेला 25 टक्के शक्यता एसएसची, तिथं थांबून विचार करायचा, समुपदेशन घ्यायचं, गर्भाची तपासणीही होते. म्हणजे एकाच्या रिपोर्टवरून काहीच ठरत नाही, दोन्ही कागद शेजारी ठेवावे लागतात. माझ्या बहिणीच्या वेळी पोराकडच्यांनी तिचा रिपोर्ट तीनदा मागवला, आणि मावशीनं पोराचा मागितला तर म्हणाले, आमच्याकडे कोणाला काही नाही, टेस्ट कशाला करायची.