खेड्यात भाड्याच्या खोल्या बांधू नका म्हणणाऱ्यांना

विदर्भातल्या गावागावांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: खेड्यात भाड्याने द्यायला खोल्या बांधू नका. कारणं चार दिली आहेत. एनए (शेतजमीन शेतीशिवाय इतर कामाला वापरायची परवानगी) मिळत नाही, जागा झुडपी जंगलात (सरकारी नोंदीत झुडपांची म्हणून लावलेल्या जमिनीत) निघते, काळ्या मातीत भिंती फाटतात आणि भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं. मला हा मेसेज घातक वाटतो, कारण तो वाचून बांधायला निघालेली माणसं थांबतात.

आधी एनए. ती भानगड शेतजमिनीची. गावठाणातल्या घराला एनए लागत नाही, ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी लागते. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतलं शेत प्रादेशिक योजनेत निवासी दाखवलं असेल, तर ते अकृषिक झालं असं मानलं जातं. पण शेत घ्यायचंच कशाला? प्लॉटची किंमत भाड्यात चढली की ते भाडं आशाताईला, लाइनमनला, नव्या गुरुजींना परवडत नाही. घरामागची सांदवाडी किंवा गुरं विकल्यापासून रिकामा पडलेला कोठा, तिथे जमिनीचा खर्च शून्य. परवडणारं भाडं तिथेच जमतं. आणि खोली भाड्याने घेणारे आहेत. नेमणुकीच्या गावी राहत नाहीत म्हणून आपण कर्मचाऱ्यांना बोल लावतो, पण किती गावांत त्यांना संडास-न्हाणीसकट एक खोली मिळते?

झुडपी जंगलाचा मुद्दा खरा आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीत या जमिनी पसरल्या आहेत आणि 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच असल्याचं स्पष्ट केलं. स्टँप पेपरवर स्वस्तात मिळते म्हणून अशी जागा घेऊ नका. सातबारा नीट वाचा.

काळ्या मातीबद्दल अर्धवट सांगितलंय. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून उथळ पाया हलतो. वरून मुरूम टाकून हे थांबत नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. ओल फार बदलत नाही त्या खोलीपर्यंत ते नेतात आणि वरची तुळई मातीला न टेकवता भिंत उचलतात. खर्च वाढतो, हे खरं. पण जुनी गावं बहुतेक पांढरीवर, म्हणजे पांढऱ्या मातीच्या जागेवर वसलेली, काळी शेतीला राखलेली. तरी खड्डा खोदून बघाच. न्हाणीचं पाणी पायाशी मुरू देऊ नका.

बारा वर्षांची भीती सगळ्यात जास्त पसरलीय आणि सगळ्यात पोकळ आहे. मुदत कायदा 1963 मधली बारा वर्षं मालकाच्या विरोधात धरलेल्या ताब्यासाठी आहेत. भाडेकरू तुमच्या परवानगीने राहतो, भाडं देतो; नुसती वर्षं मोजून तो मालक होत नाही. काही जण कूळ कायद्याचं नाव काढतात. विदर्भाचा 1958 चा कूळ कायदा शेतजमीन कसणाऱ्यांसाठी आहे, राहत्या खोलीसाठी नाही. लेखी करार करा, नोंदवा, भाड्याची पावती द्या.

मेसेजमध्ये नसलेली खरी अडचण वेगळीच आहे: सहहिस्सेदार. स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी होऊन गावठाणात मिळकत पत्रिका आल्या, पण वडिलोपार्जित घरावर भाऊ-बहिणींचा हक्क असतोच. पहिली वीट ठेवण्याआधी सगळ्यांची लेखी संमती घ्या, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही.