दीड वेढा कापला तर बिघडलं कुठे? : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही प्रतिक्रिया सविस्तर लिहिलीत, त्यामुळे उत्तरही दोन ओळींत उरकणार नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. डोनर गाडीचं (जिचे भाग काढून वापरले त्या जुन्या गाडीचं) पुढचं सस्पेन्शन जसंच्या तसं किट कारला, म्हणजे सुटे भाग जुळवून बनवलेल्या गाडीला, लावल्यावर नाक वर राहिलं. तुम्ही ग्राइंडरने प्रत्येक स्प्रिंगचा दीड वेढा कापला, गाडी हवी तेवढी खाली बसली आणि आता मस्त पळते. तार तीच असल्यामुळे स्प्रिंग कडक व्हायचा प्रश्नच येत नाही. तुमच्या मित्राने हलक्या गाडीला मऊ स्प्रिंग हवी हा माझा लेख वाचून तशा स्प्रिंग टाकल्या, तर त्याची गाडी आणखीच आदळायला लागली. आणि कॉइलओव्हर (शॉकअब्सॉर्बरभोवतीच बसवलेली स्प्रिंग) असेल तर तिच्या बुडाची चकती आवळून स्प्रिंग कडक करता येतेच, मग वजनं आणि गणितं हा नुसता बाऊ.

आधी ग्राइंडरबद्दल, कारण तिथे तुमच्याशी माझं भांडण नाही. पातळ चकतीने, मधे मधे थांबत कापलं तर उष्णता कापलेल्या टोकाच्या आसपासच राहते. गॅस कटरने तार लाल होते, तिचं पाणी उतरतं आणि तो वेढा पुढे बसतो किंवा तिथूनच तडकतो. स्प्रिंग गाडीवरच तापवून खाली बसवणारेही आहेत, त्यांच्याशी काय बोलायचं! शिवाय तुमच्या विशबोनमधल्या (चाक धरणाऱ्या त्रिकोणी दांडीतल्या) वाटीला पायरी आहे. कापलेलं टोक त्या पायरीला टेकवून बसवलं असेल तर स्प्रिंग सरळ उभी राहते. हीच करामत दोन्ही टोकं घासून सपाट केलेल्या कॉइलओव्हर स्प्रिंगवर केली असती, तर ती एकाच बिंदूवर टेकली असती आणि वाकून शॉकअब्सॉर्बरच्या अंगाला घासली असती. तेव्हा कापलंत कसं याबद्दल तक्रार नाही. कापलंत कशासाठी, याबद्दल आहे.

तार तीच आहे हे खरं, पण तिची लांबी आता तीच नाही. स्प्रिंग दाबली जाते तेव्हा प्रत्यक्षात तार पिळली जात असते, आणि आखूड तार पिळायला जास्त जोर लागतो. रेट, म्हणजे स्प्रिंग एक मिमी दाबायला लागणारा जोर, तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, वेढ्याच्या व्यासाच्या घनाने कमी होतो, आणि चालू, म्हणजे प्रत्यक्ष दबणारे, वेढे जितके कमी तितका तो जास्त. सात चालू वेढ्यांतला दीड गेला की रेट सात भागिले साडेपाच, म्हणजे १.२७ पट. हे पटत नसेल तर वर्कशॉपच्या प्रेसखाली घरातला वजनकाटा ठेवा, त्यावर स्प्रिंग उभी करा, ती निसटणार नाही अशी आतून नळीचा आधार द्या. थोडी दाबून बसली की तिथून ५ मिमी दाबल्यावर काटा किती किलो वाढला ते बघा, मग आणखी ५ मिमी. कापलेली आणि न कापलेली, दोन्ही मोजा. माझ्यावर विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याला तुमची प्रतिक्रिया वळसा घालून गेली. नाक वर का राहिलं होतं? उदाहरणासाठी गोल आकडे घेतो. डोनर गाडीत पुढच्या एका चाकावर, चाक-हब वगैरे सोडून, २७० किलो, किट कारमध्ये १३०. स्प्रिंग ६० न्यूटन प्रति मिमी. चाक १० मिमी वर गेलं की स्प्रिंग ६ मिमी दाबली जाते, म्हणजे प्रमाण ०.६. चाकाला जाणवणारा रेट काढताना हे प्रमाण दोनदा लागतं, एकदा अंतरासाठी आणि एकदा जोरासाठी. म्हणून ०.३६ गुणिले ६०, साधारण २१.६. डोनर गाडीच्या वजनाला ही स्प्रिंग सुमारे ७४ मिमी दबत होती, किट कारच्या वजनाला ३५ मिमीच. उरलेले जवळपास ३८ मिमी चाकापाशी ६४ मिमी होतात. तेवढं नाक वर.

म्हणजे नाक वर राहणं हा स्प्रिंग लांब असल्याचा पुरावा नाही, ती या गाडीला फार कडक असल्याचा आहे. डोनर गाडीचं पुढचं टोक १.४ हर्ट्झच्या (सेकंदाला १.४ वेळा वर-खाली) आसपास हलत होतं. तीच स्प्रिंग हलक्या गाडीत २ हर्ट्झच्या वर जाते, आणि दीड वेढा कापून रेट ७६ वर नेला की २.३. रस्त्यावरच्या स्पोर्ट्‌स गाडीला दीड ते दोनमध्ये समाधान मानावं, त्यापुढचं ट्रॅकवाल्यांचं. गरज होती मऊ स्प्रिंगची आणि उपायाने ती आणखी कडक झाली. उंची बरोबर आली म्हणून हे झाकलं गेलं, एवढंच. गुळगुळीत रस्त्यावर गाडी मस्त वाटते यात नवल नाही, तिथे सगळ्याच कडक गाड्या मस्त वाटतात. एखाद्या वळणात मधोमध खडबडीत पट्टा येऊ द्या आणि स्टीअरिंग हातात कसं हलकं होतं ते बघा, कारण तेव्हा टायर जमिनीला निम्माच वेळ धरून असतो.

आणखी एक गोष्ट तुम्ही आजच तपासावी असं मला वाटतं. कापलेली स्प्रिंग उभ्या गाडीत जेमतेम २८ मिमी दबलेली आहे. म्हणजे चाक तिथून ४६ मिमी खाली गेलं की ती पूर्ण सैल. विशबोन त्याहून खाली लटकत असेल, तर उंचवट्यावरून गाडी उडाली की स्प्रिंग वाटीत मोकळी फिरेल, टोक पायरीवरून सरकेल आणि परत बसताना भलतीकडे बसेल. गाडी चेसिसवर स्टँड देऊन उचला, चाकं लटकू द्या, आणि स्प्रिंग हाताने फिरते का बघा. फिरली, तर ती बदलेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. बाकी सगळ्यावर वाद घालू, यावर नको.

तुमच्या मित्राची गोष्ट मला खोटी वाटत नाही. फक्त त्याने शॉकअब्सॉर्बर बदलले होते का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, नाही. डँपिंगची, म्हणजे शॉकअब्सॉर्बरने स्प्रिंगची हालचाल आवरण्याची, गरज रेट आणि वजन या दोघांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाने ठरते. वरच्याच उदाहरणात ३५ न्यूटनची, म्हणजे २०० पौंड प्रति इंचाची स्प्रिंग घेतली तर गाडी १.५७ हर्ट्झवर येते, छान. पण डँपिंगची गरज डोनर गाडीच्या जवळपास निम्म्यावर उतरते. जुना शॉकअब्सॉर्बर तसाच ठेवला तर एका खड्ड्यात दबलेली मऊ स्प्रिंग सुटून वर यायच्या आत दुसरा खड्डा येतो. गाडी पायरी पायरीने खाली बसत जाते आणि बंप स्टॉपवर (हालचाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) आपटते. बसलेल्या माणसाला ते कडक स्प्रिंगसारखंच वाटतं, आणि दोष मऊ स्प्रिंगच्या माथी. त्याला सांगा, सुटण्याच्या बाजूचं डँपिंग कमी करता येणारे शॉकअब्सॉर्बर लाव, किंवा आहेत त्यांचे व्हॉल्व्ह बदलून घे. मऊ स्प्रिंगने गाडी वळणात फार झुकली तर त्यासाठी दोन्ही बाजूंची चाकं जोडणारा अँटी-रोल बार आहे. सगळी कामं स्प्रिंगच्या गळ्यात मारायची नसतात.

कॉइलओव्हरच्या चकतीचं म्हणाल तर ती आवळून साध्या, सरळ स्प्रिंगचा रेट तसूभरही बदलत नाही. गाडीचं वजन तेवढंच, म्हणून स्प्रिंग दबतेही तेवढीच. फक्त गाडी वर उचलली जाते, आणि चाकाला खाली जायला राहिलेली जागा कमी होते. ती जागा अगदीच संपवलीत तर गाडी ताठ वाटेल, पण तो शॉकअब्सॉर्बर टोकाला टेकल्याचा ताठपणा आहे.

गणिताचा बाऊ म्हणालात. एकूण मोजायच्या गोष्टी दोन. पुढच्या प्रत्येक चाकाखालचं वजन, चालकाच्या जागी चालकाएवढं वजन ठेवून. त्यातून चाक, टायर, हब, ब्रेक आणि विशबोन-शॉकअब्सॉर्बरचं निम्मं वजन वजा करायचं. आणि चाक किती हललं की स्प्रिंग किती दबते, ते वरच्या ०.६ सारखं प्रमाण. ते नकाशावरून काढू नका. स्प्रिंग काढा, चाक जॅकने पाच-पाच मिमी वर न्या, आणि दर वेळी स्प्रिंगच्या दोन वाट्यांमधलं अंतर लिहून ठेवा. कॉइलओव्हर असेल तर दोन बोल्टांच्या मध्यांमधलं. हे अंतर स्प्रिंगच्या रेषेतच मोजत असल्यामुळे तिरकेपणा त्यात आपोआप आलेला असतो. पुष्कळजण कोनाचा हिशेब पुन्हा वेगळा धरतात आणि गरजेपेक्षा कडक स्प्रिंग मागवून बसतात. प्रवासात प्रमाण बदलत जाईल. उभ्या गाडीच्या उंचीजवळचं धरा.

नवी स्प्रिंग घेताना रेटबरोबर लांबीही बघा. पूर्ण दबल्यावर वेढ्याला वेढा भिडता कामा नये, बंप स्टॉप त्याआधी लागला पाहिजे. आणि पूर्ण लटकल्यावर ती सैल पडता कामा नये. मऊ स्प्रिंग जास्त दबते, म्हणून मोकळी लांबी जास्त लागते. दोन्ही एकदम जमत नसेल तर वर छोटी हेल्पर स्प्रिंग बसवतात, जी उभ्या गाडीत सपाट दबलेली असते आणि फक्त लटकताना मोठीला जागेवर धरून ठेवते.

ती दोन मापं काढलीत की खाली टाका, सोबत चाकं लटकवून काय दिसलं तेही. रेट आणि लांबी दोन्ही काढून देतो.