पत्ता आतल्या खोलीचा

भाऊकाकांचं सहस्रचंद्रदर्शन ठरलं आणि पत्रिका माझ्या गळ्यात पडली. घरात 'कॉम्प्युटरचं' काही निघालं की ते माझ्याच गळ्यात पडतं, मग ती प्रिंटरची शाई असो नाहीतर टीव्हीचा रिमोट. यंदा मी जरा जोशात होतो, कारण नुकताच एक एआय एजंट, म्हणजे सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्राम, कामाला लावला होता. "एजंट म्हणजे कमिशन घेईल," आई म्हणाली. "ओळखीतला आहे ना?"

बेत असा होता : छोटंसं कार्ड, त्यावर काकांचं नाव, तारीख, 'कृपया आहेर आणू नये' आणि एक क्यूआर कोड. पंचवटीतल्या कार्यालयाचा नकाशा, काकांचे जुने फोटो, आत्याची कविता असं बाकी सगळं पीडीएफमध्ये. फायलींचे क्यूआर काढून देणारं एक टूल एजंटला जोडलं आणि फर्मान सोडलं, ही फाइल क्यूआरमध्ये घाल.

मावत नाही, म्हणाला. क्यूआर मोठ्यात मोठा १७७ बाय १७७ घरांचा, आणि त्यात बसतात जेमतेम २,९५३ बाइट. माझी फाइल १४ एमबीची. भागाकार केला तर पावणेपाच हजार क्यूआर निघाले! (आत्याची कविता गाळली तर किती कमी होतील, तेही विचारून घेतलं. फारसा फरक पडत नव्हता.) मग त्यानंच तोड काढली : फाइल एका जागी ठेवू, क्यूआरमध्ये नुसता तिचा पत्ता घालू. कोडाचा ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी तो वाचता यावा अशी सोय असते म्हणे. त्या सवलतीत काकांचा फोटो मधोमध बसवला, टोपीसकट.

सोफ्यावरून स्कॅन केलं, उघडलं. गच्चीतून उघडलं, देवघरातून उघडलं. रविवार कारंजापाशी प्रेसमध्ये २०० कार्डं टाकून आलो.

कार्डं आली तशी आई कुंकवाचा करंडा घेऊन बसली. "तीन कोपऱ्यांत चौकट काढलीय, चौथ्यात विसरला वाटतं तुझा एजंट," म्हणत तिनं चौथ्या कोपऱ्यावर अनामिका टेकवली. माझ्या पोटात गोळा. त्या तीन चौकटींवरूनच कॅमेऱ्याला कोड कुठं आहे नि कसा तिरपा धरलाय ते कळतं, त्यातल्या एकीवर बोट पडलं असतं तर आटोपलंच होतं. पण चौथा कोपरा निभावला. कुंकू त्या ३० टक्क्यांत खपलं.

पहिला फोन सिडकोच्या मामीचा. "अरे, पैसे जातच नाहीत!"

"मामी, तो पैशांचा नाही. खाली लिहिलंय बघा, आहेर आणू नये."

"हो ना. आणू नये, म्हणजे ऑनलाइन टाकावा."

मग ओझरहून फोन, नुसतं गोल फिरतंय. सिन्नरहून, पान पांढरं. कार्यालय कोणतं, हे एकालाही कळलेलं नाही. मी पहिल्यांदाच तो पत्ता नीट वाचला. सुरुवात १९२.१६८ नं. म्हणजे फाइल माझ्याच लॅपटॉपवर, आणि पत्ता आमच्या वाय-फायपुरता. इंदिरानगरातल्या आमच्या हॉलबाहेर त्याला काडीची किंमत नाही. लोकांना कार्यालयाचा पत्ता द्यायचा, तर मी देत होतो आमच्या आतल्या खोलीतल्या कपाटाचा.

एजंटला जाब विचारला. "तुमचं म्हणणं अगदी बरोबर आहे!" उद्गारचिन्हासकट. हे २०० कार्डं छापून झाल्यावर.

पुढचे चार दिवस लोक पत्रिका 'बघायला' घरी येत होते. यायचं, वाय-फायचा पासवर्ड मागायचा, स्कॅन करायचं, चहा घ्यायचा. त्यात आई येता-जाता लॅपटॉप मिटून ठेवायची, धूळ बसते म्हणून. की पुन्हा पांढरं पान, पुन्हा चहा.

काकांना खरं सांगणं भाग होतं. जरा पाणी मारावं म्हणून इतिहासापासून सुरुवात केली : हा कोड १९९४ साली जपानमध्ये डेन्सो कंपनीच्या मासाहिरो हारांनी काढला, तो मोटारींच्या सुट्या भागांचा हिशेब ठेवायला. काका सातपूरला एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले. त्यांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं, स्वतःचा टोपीतला फोटो पाहिला आणि म्हणाले, "म्हणजे लेबल चिकटवलंस. माल गोडाउनमधून निघालाच नाही."

मग फाइल खरोखरच्या सर्व्हरवर चढवली, लिंक किती दिवस जिवंत राहील ते दोनदा विचारून घेतलं आणि मोबाइलचा डेटा लावून, रस्त्यावर उभं राहून स्कॅन करून पाहिलं. नव्या क्यूआरचे स्टिकर छापले. नुसती लिंक व्हॉट्सॲपवर टाकली असती तरी चाललं असतं, हे बायको म्हणाली नाही. नुसतं बघितलं.

स्टिकर घेऊन स्कूटरवर निघालो. गंगापूर रोड, द्वारका, नाशिकरोड, शेवटी सिडको. मामीच्या कार्डावर स्वतःच्या हातानं चिकटवला, स्वतः समोर उभा राहिलो. मामीनं फोन धरला. नकाशा आला, फोटो आले, आत्याची कवितासुद्धा आली. मामीनं ती शेवटपर्यंत वाचली, चष्मा वर केला.

"छानच आहे रे. आता पैसे कुठं टाकायचे?"