बदाम लाल का झालेत?

सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सात मी विम्याचे क्लेम तपासतो आणि रात्री इंग्लंडच्या सहाव्या पायरीवरच्या एका फुटबॉल क्लबचा मॅनेजर असतो. पहिल्या नोकरीत गेली अकरा वर्षं मला कुणी काही विचारलेलं नाही. दुसरीत सलग चार मॅच हरलो की चेअरमन बोलावून घेतो आणि मला खरोखर घाम फुटतो.

हा कम्प्युटर गेम, नाव फुटबॉल मॅनेजर. यात संघ निवडायचा, डाव आखायचा आणि खेळताना बघत बसायचं. 1992 साली पॉल आणि ऑलिव्हर कॉलियर या दोघा भावांनी चॅम्पियनशिप मॅनेजर नावाने हे प्रकरण सुरू केलं. तेव्हा मॅच दिसायचीच नाही, नुसती वाक्यं यायची. आता सगळं थ्रीडीत दिसतं, पण माझा लॅपटॉप थ्रीडी लावलं की कुकरसारखा फुसफुसतो. त्यामुळे मी वरून दिसणारं साधं मैदान आणि त्यावर धावणारे रंगीत ठिपके बघतो. बायकोच्या मते मी रात्री दीड वाजेपर्यंत कॅरमच्या सोंगट्या बघतो. "जेवायला ये" म्हटल्यावर "इंज्युरी टाइम आहे गं, दोनच मिनिटं" हे पूर्वी खपायचं. मग तिला पॉजचं बटण सापडलं.

खरा छळ मॅचचा नाहीच, तो टॅक्टिकचा आहे. प्रशिक्षक क्लॉपने डॉर्टमुंड क्लबला 2011 आणि 2012 अशी लागोपाठ दोन वर्षं बुंडेसलिगा, म्हणजे जर्मनीची लीग, जिंकून दिली, ती गेगेनप्रेसिंगवर. चेंडू गेला की मागे फिरायचं नाही, तिथल्या तिथे तुटून पडायचं आणि परत हिसकावायचा. मी म्हटलं, आपणही तुटून पडू. माझी पोरं दिवसा कुठेतरी कामाला जाणारी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सरावाला येणारी. पण हा तपशील मला तेव्हा किरकोळ वाटला.

त्यात या गेमला खेळाडूंच्या मैदानावरच्या भूमिकांच्या नावांचा भारी सोस. रेजिस्टा, त्रेक्वार्तिस्ता, मेझाला. नुसती यादी वाचली तरी इटलीतल्या हॉटेलात मेनूकार्ड उघडल्यासारखं वाटतं. माझं प्रेम जडलं ते राउमडॉयटरवर. जर्मन फुटबॉलपटू थॉमस म्युलरने स्वतःचं वर्णन करायला वापरलेला हा शब्द. म्हणजे मोकळ्या जागेचा अर्थ लावणारा. (कर्जत लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणारा माणूस हेच करतो, त्याला कुणी जर्मन नाव देत नाही.) माझ्या राउमडॉयटरला चेंडूविना हालचालीत 20 पैकी 6 गुण होते. तो नव्वद मिनिटं लाइन्समनच्या शेजारी उभा राहून जागेचा अर्थ लावायचा.

हरलो की मी बदल करायचो. एकाच वेळी तीन-तीन बदल, त्यामुळे जिंकलो तर कशामुळे आणि हरलो तर कशामुळे याचा पत्ता नाही. संघाला नवी पद्धत अंगवळणी पडायला आठवडे लागतात. स्क्रीनवर तशी पट्टीच असते, ती हळूहळू भरत जाते. माझी पट्टी कधी अर्ध्याच्या वर गेली नाही. भाताला वाफ धरायच्या आत मी दर पाच मिनिटांनी झाकण उघडत होतो आणि वर भात कच्चा राहतो म्हणून तांदळाला शिव्या घालत होतो. बरं, असिस्टंट मॅनेजर असा की दहाव्या मिनिटाला म्हणतो वेग वाढवा आणि विसाव्याला म्हणतो वेग कमी करा. एकदा आमचे अपेक्षित गोल (मिळालेल्या संधींवरून किती व्हायला हवे होते, तो हिशोब) 2.31, समोरच्यांचे 0.24, आणि मॅच हरलो 0-1. दहावीच्या निकालादिवशी घरी मी हेच म्हणालो होतो: पेपर तर चांगला गेला होता.

अशात कोल्हापूरहून काका आले, मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. काका तरुणपणी पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल संघाकडून लेफ्ट हाफ खेळायचे. शाहू स्टेडियमवरच्या मॅचच्या गोष्टी सांगताना आजही त्यांचा डावा पाय आपोआप हलतो. ऑपरेशनच्या दुसऱ्या रात्री झोप येईना म्हणून माझ्या मागे येऊन बसले. मी आठ महिने घासूनपुसून तयार केलेली टॅक्टिक समजावून सांगितली. त्यांनी काळा गॉगल कपाळावर चढवला, एक डोळा मिटला आणि दुसऱ्याने स्क्रीनकडे बघत राहिले.

"हे खाली पत्त्यातले बदाम कसले रं?"

"ते काही नाही काका. खेळाडूंचा दम दाखवतात."

"मग लाल का झालेत?"

मी बघितलं. 74वं मिनिट. हिरवा म्हणावा असा एकच बदाम होता, गोलकीपरचा.

"पोरं दमल्यात की, लेका. कशाला पळवायलास एवढं? कामावरनं आल्यात न्हवं ती?"

मी वही काढली. त्या सीझनमध्ये खाल्लेल्या 38 गोलांपैकी 23 गोल सत्तराव्या मिनिटानंतरचे होते. आकडे माझ्याच अक्षरात, लाल पेनाने, नीट अधोरेखित केलेले. शेजारी मी निष्कर्ष लिहिला होता: "मेझाला बदलून बघणे."

काकांनी चार-चार-दोन (मागे चार, मध्ये चार, पुढे दोन) लावायला सांगितलं. प्रेसिंग कमी, मागे दोन रांगा, आणि साठाव्या मिनिटाला तीन ताजी पोरं आत. राउमडॉयटरला बाकावर बसवलं, तिथेही त्याने कोपऱ्यातली बरी जागा धरली असणार. सहा मॅचमध्ये चार जिंकलो, दोन बरोबरीत. काका रोज रात्री डोळ्यात थेंब घालून झाले की "चल, लाव" म्हणायचे. बायको आम्हा दोघांना एकदमच जेवायला हाका मारायची आणि काका तिला म्हणायचे, "इंज्युरी टाइम हाय, सूनबाई."

काका परत गेले. मी दोन मॅच त्यांच्या पद्धतीने खेळलो, दोन्ही 1-0 जिंकलो. पण एक गोलाने जिंकण्यात काय आहे? तिसऱ्या मॅचला मी फक्त एक मिडफिल्डर जरा पुढे सरकवला. मग त्याने सोडलेली जागा झाकायला दुसरा मागे घेतला, आणि मागे गर्दी झाली म्हणून डिफेंडर तीन केले.

काल रात्री साडेअकराला काकांचा फोन.

"चार-चार-दोनच ठेवलंयस न्हवं?"

"व्हय काका," मी म्हणालो. 68वं मिनिट चालू होतं. फोन खांद्यावर दाबून मी बदाम मोजत होतो.