टब स्टीलचा, पण जाळी कशाची?

पुण्यात वहिनी डिशवॉशर घेणार म्हणतेय, आणि त्यावरून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, प्लॅस्टिक तापलं की विष सुटतं, तेव्हा यंत्रच नको. दुसऱ्याचं, टब स्टीलचा आहे ना, मग विषय संपला. मी जर्मनीत राहतो, त्यामुळे निवाडा माझ्या गळ्यात.

टबवरून एवढं भांडण्यात अर्थ नाही. भारतात मिळणारी बरीच यंत्रं आतून स्टीलचीच असतात. उलट इकडे म्युनिकमध्ये स्वस्तातल्या यंत्रांना वर स्टील आणि तळाला पॉलिप्रॉपिलीन नावाचं प्लॅस्टिक, हे नेहमीचंच. तो तळ 70 अंशांचं पाणी सोसतो, मला त्याची धास्ती वाटत नाही. आपल्या रश्श्यांनी तो पिवळट होतो आणि मग पिवळाच राहतो, ही त्याची खरी खोड.

बघायचं असेल तर भांडी रचायची जाळी बघा. आतून तार, वरून नायलॉनचा नाहीतर पीव्हीसीचा लेप. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात थॅलेट्स नावाची रसायनं घालतात, त्यातली काही आरोग्याला घातक. युरोपीय संघाने 2019 पासून त्यातल्या चारांवर विजेच्या घरगुती यंत्रांमध्ये 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. म्हणून इथे दुकानात हा प्रश्न कुणी विचारत नाही. तिकडे माहितीपत्रकावर नुसतं ‘फूड ग्रेड’ छापलेलं असतं, यंत्राच्या कोणत्या भागाला ते लिहिलेलंच नसतं. तेव्हा पहिल्या तटाचा संशय रास्त आहे, फक्त रोख चुकीच्या भागावर आहे. कुकरचं जड भांडं आपटून जाळीच्या खुंटीच्या टोकाचा लेप उडतो, तार गंजते आणि ताटांवर तांबूस ठिपके उठतात. लेप नायलॉनचा आहे का आणि जाळी सुटी मिळते का, हे दोन्ही दुकानदाराकडून वदवून घ्यावं.

नवं यंत्र तापलं की डांबरासारखा वास येतो. आवाज दबावा म्हणून टबच्या बाहेरून डांबरी चादरी चिकटवलेल्या असतात. एकदोनदा रिकामंच चालवावं.

माझी स्वतःची काळजी वेगळीच, भांडी चकचकीत करणाऱ्या रिन्स एडची. दावोसच्या ॲलर्जी संशोधकांनी 2022 मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं, की त्यातले अल्कोहोल इथॉक्सिलेट्स हे साबणासारखे घटक आतड्याच्या अस्तराच्या पेशींना इजा करतात. त्यांचा रोख हॉटेलातल्या झटपट यंत्रांवर होता, पण घरीही हे द्रव्य शेवटच्या पाण्यातच पडतं. त्याचं प्रमाण कमी-जास्त करता येतं. मी सगळ्यात कमीवर ठेवतो. वाट्यांवर पाण्याचे डाग राहतात. राहोत.

आणि प्लॅस्टिकचे जुने डबे आत घालू नयेत. त्या बाबतीत आपलं स्टीलचं फडताळ इथल्या शेजाऱ्यांपेक्षा कितीतरी बरं.

दादाला यातलं काहीच ऐकायचं नाही. त्याचा प्रश्न एकच: कढई बसते का? बसते. लोखंडाची नको, गंजेल. आणि वरची जाळी एक खाच वर सरकवावी लागते.